बेंबीवरचा हिंग

चिऊ,

परवा रात्री अबीरचं पोट दुखत होतं, मी कोमट पाण्यात हिंग कालवून त्याच्या बेंबीभोवती लावत होते, आणि तू दारातून विचारलंस, "आई, बेंबी आतून बंद असते. मग हे पोटात कसं जाणार? तुला खरंच पटतं, की आजी करायची म्हणून करतेस?" मी "झोप आता" म्हणाले. पण ते मनाला लागलं.

तुझं बरोबर आहे. बेंबी बंदच असते. आणि हिंग तर पिढ्यान्‌पिढ्या अफगाणिस्तान-इराणातून येतोय.

पण वाईच्या घरात कैऱ्या खाऊन पोट दुखलं की आजी वाटीत हिंगाचा खडा भिजत घालायची. तव्यावर ओवा तडतडायचा, त्याची पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग माझ्या पोटाला. गोधडीला दोन दिवस हिंगाचा वास. बोट बेंबीभोवती फिरायचं, डोळे मात्र माझ्या तोंडाकडे. "हितं दुखतंय? का हितं?"

बंडूमामाच्या पोटावरचा व्रण तू गणपतीत पाहिलास ना? त्या रात्री त्याचं दुखणं बेंबीपाशी सुरू झालं आणि उजवीकडे खाली सरकलं. तिथं बोट टेकताच तो किंचाळला. आजीनं हिंगाची वाटी खाली ठेवली आणि आप्पांना जीप आणायला पिटाळलं. अपेंडिक्स निघालं. सगळ्याच आज्यांना हे कळत असेल असं नाही म्हणत मी.

आणि सगळं मीही केलेलं नाही. तू झालीस तेव्हा आजीनं बाळगुटी पाठवली होती. त्यात वेखंड होतं, आणि इथे अमेरिकेत 1968 पासून खाण्यात वेखंड घालायला बंदी आहे. मी ती कपाटात ठेवली आणि फोनवर "देते हं रोज" म्हणाले. ते खोटं बोलणं अजून सलतं. गुटी दिली नाही याचं मात्र वाईट वाटत नाही.

अबीरला उलटी झाली तेव्हा साखर-मिठाचं पाणी दिलं, तू पाहिलंस. एक लिटर पाण्याला चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ते मोजूनच करते. हिंग कधी मोजला नाही.

आज तो मऊ भात आणि मेतकूट जेवला. तुला वास आवडत नसेल तर तुला नाही लावणार हिंग. पण दुखलं तर पोट दाबून बघू देशील ना?

आई