ब्लॉगसाठी फुकट आयकॉन, बटणं, गॅजेटं: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ब्लॉग सजवण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा पाऊसच पडला, सगळी छापणं शक्य नाही म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत. बहुतेकजण ब्लॉगर या गुगलच्या फुकट ब्लॉग सेवेवर आहेत त्यामुळे उत्तरंही जास्त करून त्याच अंगानं दिलीयेत.

प्रश्न: माझा रेसिपीचा ब्लॉग आहे. नाश्ता, मासे, उपवास, गोड असे विभाग केलेत आणि प्रत्येकाला छोटंसं चित्र लावायचंय. गुगलवर शोधलं की खूप छान छान येतात, ती सेव्ह करून लावली तर चालतात का? आणि मोदकाचा आयकॉन कुठेच धड मिळत नाहीये, तो कुठून आणू?
एक गृहिणी, गिरगाव

ताई, नाही चालत. गुगलच्या इमेजमध्ये दिसतंय म्हणजे ते फुकट आहे असं नसतं, गुगल फक्त शोधून दाखवतं, चित्र कुणीतरी बसून काढलेलं असतं आणि हक्क त्याचा असतो. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, त्यात चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. आणि खरं सांगू का, असं उचलायची गरजच नाहीये कारण लोकांनी राजीखुशीनं दिलेले आयकॉन ढिगानं पडलेत. फॉन्ट ऑसमचा मोफत संच आहे, गुगलचे मटेरियल आयकॉन आहेत, बूटस्ट्रॅप आयकॉन आहेत, फेदर आहे आणि फेदरमधूनच पुढे निघालेला ल्युसिड आहे, हा मला सगळ्यात आवडतो कारण रेघा सगळीकडे सारख्या जाडीच्या असतात आणि दहा आयकॉन शेजारी ठेवले तरी एकाच हातचे वाटतात.

फक्त प्रत्येकाचा परवाना वेगळा असतो तो वाचा, दोनच मिनिटं लागतात. फॉन्ट ऑसमचे मोफत आयकॉन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय परवान्यावर आहेत, म्हणजे वापरा, रंग बदला, पण श्रेय द्या. त्यांच्या फाईलमध्ये सुरुवातीलाच श्रेयाची एक ओळ असते, ती ठेवली की श्रेय दिल्यासारखंच आहे, पण लोक साफसफाई म्हणून नेमकी तीच ओळ उडवतात, तेवढं करू नका. फ्लॅटआयकॉन किंवा नाउन प्रोजेक्ट या आयकॉनच्या साइटवरून फुकटात घेतलं तर नाव द्यावंच लागतं, ब्लॉगच्या तळाशी छोट्या अक्षरात दिलं तरी चालेल. आणि परवान्यात एनसी अशी अक्षरं दिसली तर तो धंद्यासाठी नाहीये, पुढेमागे ब्लॉगवर जाहिराती लावायचा विचार असेल तर तसले आयकॉन आत्ताच नको.

आता लावायचं कसं. आयकॉन एसव्हीजी प्रकारात उतरवून घ्या, तो कितीही मोठा केला तरी फाटत नाही आणि वजनाला अगदी हलका असतो. ब्लॉगर एसव्हीजी फाईल फोटोसारखी अपलोड करून घेत नाही, इथे सगळे अडतात. पण एसव्हीजी म्हणजे आतून नुसता मजकूरच असतो, तेव्हा फाईल नोटपॅडमध्ये उघडा, सगळं कॉपी करा आणि ब्लॉगरच्या लेआउटमध्ये जाऊन एचटीएमएल जावास्क्रिप्ट नावाचं गॅजेट, म्हणजे ब्लॉगवर बसवायचा छोटा खोका, घेऊन त्यात पेस्ट करा. चारही विभागांचे आयकॉन एकाच गॅजेटमध्ये मावतात, प्रत्येकाला त्या त्या लेबलची लिंक द्या.

मोदकाचं म्हणाल तर इमोजीतसुद्धा तो नाहीये, वडापावही नाहीये. २०१९ मध्ये रिक्षा, साडी, पणती आणि देऊळ असे आपले वाटणारे इमोजी आले पण खाण्यात आपली बाजू अजून लंगडीच आहे. तेव्हा मोदक तुम्हीच काढा, मनापासून सांगते. इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात २४ बाय २४ पिक्सेलचं पान घ्या, थेंबासारखा एक आकार टोक वर करून काढा आणि टोकापासून खाली चार बाकदार रेघा सोडा कळ्यांच्या, रेघेची जाडी २ ठेवा. फेदर आणि ल्युसिडचे आयकॉन याच मापात आणि याच जाडीत काढलेले असतात त्यामुळे तुमचा मोदक त्यांच्या रांगेत उपरा वाटणार नाही. आणि झाला की मोकळ्या परवान्यावर इतरांनाही द्या ना, कितीतरी मराठी रेसिपीवाल्यांना हवाय तो.

प्रश्न: माझा पक्ष्यांच्या फोटोंचा जुना ब्लॉग आहे, भांडुप पंपिंग स्टेशनचे फ्लेमिंगो वगैरे. पोस्टखाली शेअरची बटणं होती ती गायब झालीत, नुसती रिकामी पट्टी राहिलीये. वर आता एक मित्र म्हणतो की त्याच्या मोबाइलवर माझा ब्लॉग उघडला की मध्येच सट्ट्याच्या साइटवर जातो. माझ्या लॅपटॉपवर तर काहीच होत नाही. मित्राच्या फोनमध्ये व्हायरस असेल का?
एक पक्षीमित्र, भांडुप

मित्राच्या फोनला दोष देण्याआधी तुमच्या ब्लॉगचा कोड तपासा. या दोन वेगळ्या गोष्टी दिसतायत पण मूळ बहुधा एकच आहे, तुम्ही कधीतरी फुकट बटणांचा कोड आणून चिकटवला आणि तो कोड प्रत्येक वेळी बाहेरच्या कुठल्यातरी सर्व्हरवरून स्क्रिप्ट, म्हणजे ब्लॉग उघडला की आपोआप चालणारा कोड, ओढून आणतो. तो सर्व्हर बंद पडला की बटणं गेली, आणि तो दुसऱ्याच्या हातात गेला की तो जे पाठवेल ते तुमच्या वाचकाच्या फोनवर चालणार.

दोन्ही प्रकार घडलेत. अ‍ॅडधिस नावाची शेअर बटणांची सेवा हजारो ब्लॉगांवर होती, ती पुढे ओरॅकलनं घेतली आणि ३१ मे २०२३ ला बंद करून टाकली, रिकामी पट्टी बऱ्याच जणांकडे त्यामुळेच आहे. दुसरा प्रकार जास्त वाईट. पॉलिफिल डॉट आयओ म्हणून एक अगदी सरळमार्गी फुकट स्क्रिप्ट होता, जुन्या ब्राउझरना नव्या सोयी देणारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि जूनमध्ये उघडकीला आलं की तोच स्क्रिप्ट आता मोबाइलवरच्या लोकांना सट्ट्याच्या साइटवर ढकलतोय, एक लाखाहून जास्त साइटवर तो लावलेला होता. आणि बेरकीपणा असा की तो काही ठराविक फोनवर, ठराविक वेळेलाच चालायचा आणि साइटचा मालक दिसला की गप्प बसायचा. तुमच्याकडे नेमका तोच असेल असं मी म्हणत नाही, पण लॅपटॉपवर काही दिसत नाही म्हणजे सगळं आलबेल आहे असं समजू नका.

आधी थीममध्ये जाऊन कस्टमाइझच्या शेजारच्या बाणावर दाबा आणि बॅकअप घ्या, हे केल्याशिवाय कशालाही हात लावू नका. मग लेआउटमध्ये जा आणि एकेक एचटीएमएल गॅजेट उघडा, नाव काहीही असलं तरी आत बघा, काही गॅजेटांना नावच नसतं आणि तीच विसरलेली असतात. आत स्क्रिप्ट हा शब्द आणि त्यापुढे ओळखीचा नसलेला पत्ता दिसला की त्यातला मजकूर कॉम्प्युटरवर साठवून ठेवा आणि गॅजेट काढा. एक काढलं की मित्राला सांगा मोबाइल डेटावर इनकॉग्निटोमध्ये ब्लॉग उघडायला, वायफायवर नको, आणि दिवसातून वेगवेगळ्या वेळी बघायला सांगा. सगळी गॅजेटं काढूनही होतच असेल तर थीमच्या एचटीएमएलमध्ये तोच शब्द शोधा, जुन्या फुकट थीमच्या पोटातही असले स्क्रिप्ट असतात. त्यात हात घालायचा नसेल तर सरळ ब्लॉगरची स्वतःची एखादी थीम लावा, पोस्ट आणि फोटो कुठे जात नाहीत.

शेअरच्या बटणांसाठी बाहेर जायचं कारणच नाहीये. लेआउटमध्ये ब्लॉग पोस्ट्सच्या खोक्यावरची पेन्सिल दाबली की शेअर बटणं दाखवायची टिक मिळते, ती ब्लॉगरची स्वतःची आहेत. आणि आपल्याकडे खरं शेअरिंग व्हॉट्सअ‍ॅपवरच होतं, त्याला स्क्रिप्ट लागतच नाही, साधी लिंक पुरते: डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, टेक्स्ट, बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे तुमच्या पोस्टचा पत्ता. कुणी दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, कुणाला पाठवायचं विचारतं, बास. असली लिंक कुठलीही कंपनी तुमच्या ब्लॉगमध्ये न घुसता चालते म्हणून मी प्रत्येकाला हीच लावायला सांगते. जाता जाता, गुगल प्लसचं बटण अजून असेल तर काढा, ते २०१९ लाच बंद झालंय.

प्रश्न: फुकट थीम घेतली, खाली डिझायनरचं नाव आणि लिंक येते. ती काढली की माझा ब्लॉग त्याच्याच साइटवर जातो. काय करू?
एक कॉलेज विद्यार्थी, कुर्ला

राहू दे ते नाव. त्यानं थीम फुकट दिली ती त्या एका ओळीच्या बदल्यात, आणि काढलं तर ब्लॉग वळवायचा कोड त्यानं मुद्दाम घातलेला असतो. पण नावाच्या ऐवजी कर्जाच्या किंवा जुगाराच्या लिंका दिसत असतील तर मात्र थीमच बदला.

प्रश्न: माझा ब्लॉग वर्डप्रेसवर आहे. एका ग्रुपवर महागडा प्लगइन फुकट मिळाला, बटणं आणि अ‍ॅनिमेशन मस्त आहेत. टाकायला हरकत नाही ना?
एक नोकरदार, विक्रोळी

हरकत आहे. प्लगइन म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा जादा तुकडा, आणि पैशाचे प्लगइन फोडून फुकट वाटणारे बऱ्याचदा आत चोरदरवाजा ठेवून देतात. वर्डप्रेसच्या स्वतःच्या प्लगइन यादीत हजारो खरेखुरे मोफत आहेत, तिथून घ्या आणि शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा, दोन-तीन वर्षं कुणी हात लावला नसेल तर सोडून द्या. तुमचा ब्लॉग वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनवर असेल तर तिथे प्लगइन टाकताच येत नाहीत.

प्रश्न: मी निवृत्त आहे, गिरणगावच्या आठवणी लिहितो. ब्लॉगच्या बाजूला घड्याळ, किती लोक आले त्याचा आकडा, पडणारी फुलं आणि उघडल्यावर वाजणारी आरती लावली होती. घड्याळ दिसत नाही, आरती वाजत नाही, बाकीची काही चित्रंही गेली आणि मुलगी म्हणते ब्लॉग फार हळू उघडतो.
एक ज्येष्ठ वाचक, परळ

काका, घड्याळ फ्लॅशचं असणार, म्हणजे वेबवर हलती चित्रं चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचं, फ्लॅश २०२० च्या शेवटाला अ‍ॅडोबीनंच बंद केलं, ते आता कुठेच चालणार नाही. आरतीचं असं की २०१८ पासून क्रोम आवाज असलेली गोष्ट आपोआप वाजू देत नाही. हवी तर प्ले बटणासकट लावा, ज्याला ऐकायची तो ऐकेल. फुलं मात्र काढाच, तो स्क्रिप्ट वाचकाच्या फोनवर सतत चालू राहतो आणि तुमची अक्षरं वाचताना मध्ये येतात.

चित्रं गेली कारण ती तुमच्याकडे नव्हतीच, दुसऱ्याच्या साइटवरून थेट दिसत होती. हे म्हणजे शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढून दिवे लावल्यासारखं आहे, त्यानं कधीही वायर कापावी. २०१७ मध्ये फोटोबकेट या फोटो साठवायच्या साइटनं असं बाहेर चित्र दाखवायला वर्षाला ३९९ डॉलर मागितले तेव्हा जगभरच्या ब्लॉगांवर रात्रीत फोटोंच्या जागी पाट्या दिसायला लागल्या. तुमच्याकडे गिरण्यांचे, चाळींचे जुने फोटो असतील तर ते स्वतः अपलोड करा आणि मूळ स्कॅन घरी पेनड्राइव्हवर वेगळे ठेवा. किती लोक आले तो आकडा दाखवायला ब्लॉगरचं स्वतःचं गॅजेट आहे, बाहेरचे काउंटर बऱ्याचदा लपवून जाहिरातीच्या लिंका घालतात. तुमच्यासारखं लिहिणाऱ्यांचा ब्लॉग झटकन उघडला पाहिजे असं मला फार वाटतं, लोक लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचतात आणि नेटवर्क जातं-येतं, तेव्हा दहा सेकंद कुणी थांबत नाही.

प्रश्न: बटणांवर मराठी अक्षरं फार ओबडधोबड दिसतात. चांगला फुकट फॉन्ट कुठला?
एक शिक्षिका, मुलुंड

मजकुरासाठी "मुक्त" नावाचा फॉन्ट घ्या, बटणांसाठी आणि शीर्षकासाठी "बालू". दोन्ही "एक टाइप" नावाच्या मुंबईच्याच मंडळींनी केलेत आणि गुगल फॉन्ट्सवर मोकळ्या परवान्यात आहेत, श्रीमंत मासिकांनाही हेवा वाटेल असं काम आहे. फक्त दोनच जाड्या घ्या, साधी आणि ठळक, सगळ्या घेतल्या तर ब्लॉग जड होतो. बटणाची उंची जरा सैल ठेवा, देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असतो, इंग्रजीच्या मापानं केलेल्या बटणात तो कापला जातो. बटण निदान ४४ पिक्सेल उंच ठेवलंत तर बोटानंही नीट दाबता येतं.

प्रश्न: माझा भाऊ अंध आहे, फोनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं टॉकबॅक लावून वाचतो. मी ब्लॉगवर हौसेनं आयकॉन लावले तर तो म्हणाला मला नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू येतं. काय करावं?
एक वाचक, दादर

बरं झालं विचारलंत. आयकॉनला शब्द नसेल तर टॉकबॅक बोलणार काय? सगळ्यात सोपं म्हणजे आयकॉनशेजारी शब्दच लिहा, "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा", "मागची पोस्ट", डोळसांनाही ते बरंच पडतं. जागा नसेल तर चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राऐवजी वाचला जाणारा शब्द, द्या, आणि एसव्हीजी पेस्ट केला असेल तर ज्या लिंकमध्ये तो आहे तिला एरिया लेबल (aria-label) द्या, तेही मराठीतच. चित्र काय आहे ते सांगू नका, दाबल्यावर काय होईल ते सांगा, म्हणजे "हिरवा फोन" असं नको. नुसती शोभेची नक्षी असेल तर तिचा ऑल्ट रिकामा ठेवा, टॉकबॅक तिला गाळून पुढे जातो. शिवाय थीमच्या एचटीएमएलमध्ये पहिल्या ओळीत भाषा इंग्रजी दिलेली असेल तर मराठी करा. झालं की भावाला एकदा पूर्ण ब्लॉग फिरवून बघायला सांगा आणि तो जिथे अडेल तिथला आयकॉन काढून शब्द घाला.