टेराकोटाचा जुना ब्लॉक मिळालाय? आधी मागची बाजू बघा

शिकागोत पाडलेल्या १९१०-१२ च्या बिल्डिंगचा पानाफुलांच्या नक्षीचा टेराकोटाचा, म्हणजे भाजलेल्या मातीचा, ब्लॉक मिळालाय, काळा पडलाय, तो खरा आहे की सिमेंटची कॉपी आणि अ‍ॅसिडने धुवून भिंतीवर लावू का, असं तुम्ही विचारलंय.

अ‍ॅसिड अजिबात नको, सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) तर त्याहून नको. टेराकोटाचा सगळा जीव वरच्या पातळ थरात, म्हणजे ग्लेझमध्ये, असतो, तो गेला की आतली सच्छिद्र माती उघडी पडते आणि पाणी शोषायला लागते. मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा, मग साधा सौम्य साबण आणि थोडंच पाणी, बस. थोडा काळेपणा राहिला तर राहू द्या, शंभर वर्षांचा आहे तो.

आता खरा की खोटा. ब्लॉक उलटा करा. साच्यात ओतलेली सिमेंटची कॉपी बहुतेक भरीव असते. खरा ब्लॉक मागून पोकळ असतो, कारण प्लास्टरच्या साच्यात ओली माती हाताने दाबून इंच-दीड इंच जाडीच्या भिंती करायचे आणि मध्ये मातीच्याच आडव्या पट्ट्या द्यायचे, त्यामुळे आत बऱ्याचदा बोटांचे ठसे सापडतात आणि खरं सांगू, पुढच्या नक्षीपेक्षा मला तेच जास्त आवडतात. तिथेच कोरलेला किंवा रंगवलेला नंबरही असू शकतो, त्यावरून गवंड्याला कळायचं की हा तुकडा कुठे बसवायचा. तो घासू नका! 'अमेरिकन टेराकोटा' नावाच्या कंपनीची बरीच जुनी ड्रॉइंग्ज मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्या संग्रहात आहेत, पण शिकागोत नॉर्थवेस्टर्नसारख्या इतर कंपन्याही होत्या, म्हणजे नुसत्या नंबरवरून कंपनी ठरवायची घाई नको.

आत लोखंडी अँकरचा (ब्लॉक बिल्डिंगला धरून ठेवणाऱ्या लोखंडाचा) तुकडा अडकलाय का तेही बघा, गंज चढला की लोखंड फुगतं आणि ब्लॉक आतून फोडतं. भिंतीवर लावताना ब्लॉकला भोक पाडू नका, खालून वजन पेलणारा स्टीलचा ब्रॅकेट करून घ्या, पोकळ असला तरी जड असतो. आणि बाहेर नको, शिकागोच्या थंडीत आत मुरलेलं पाणी गोठलं की ग्लेझचे पापुद्रे उडतात.

अजून एक, बिल्डिंगचा पत्ता, कुठल्या मजल्यावरचा, कधी पाडली, हे आजच विकणाऱ्याकडून लिहून घ्या. आर्किटेक्ट लुई सलिव्हनच्या शिकागो स्टॉक एक्स्चेंज बिल्डिंगमधून, ती पाडली जात असताना, नक्षीकाम वाचवताना फोटोग्राफर रिचर्ड निकेल १९७२ साली तिथेच ढिगाऱ्याखाली सापडून वारले, ते नुसते तुकडे जमवत नव्हते, बिल्डिंगचे फोटो आणि नोंदीही ठेवायचे, म्हणून पाडलेल्या कितीतरी बिल्डिंग कशा होत्या ते आज कळतं. मागच्या बाजूचे, नंबरचे फोटो टाका, मग कंपनीचा अंदाज घेऊ.