अण्णांना सगळं तस्संच पाहिजे

प्रश्न : आमचे सासरे, अण्णा, 84 वर्षांचे आहेत. हुकुमचंद मिलच्या हिशेब खात्यात होते. त्यांच्या डेस्कटॉपवर विंडोज 7 आहे आणि तो हल्ली मधेच धाडकन बंद पडतो. पुण्याहून दिरांनी विंडोज 11चा लॅपटॉप पाठवलाय. जुन्या मशीनमध्ये अण्णांनी टाइप केलेल्या मिलच्या आणि रामबागेतल्या घराच्या आठवणी आहेत. हिंदी टायपिंग शिकलेले असल्यामुळे मराठीही कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्येच लिहितात. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांचे, स्कॅन केलेले फोटोही आहेत. त्यांचं एकच म्हणणं, “मला सगळं तस्संच पाहिजे, विंडोजसकट.” शेजारचा मुलगा म्हणतो, ‘क्लोन मारून देतो, दोन तासांचं काम.’ दुकानदार म्हणतो, ‘जुनं विसरा.’ कुणाचं ऐकू?
— एक सूनबाई, इंदूर

उत्तर : सूनबाई, दोघांचंही ऐकू नका.

क्लोन म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल. ती दोन तासांत होईलही. पण विंडोज 7ला आजच्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई नावाची नव्या प्रकारची डिस्क आपणहून ओळखता येत नाही, यूएसबी 3 कळत नाही. इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरांवर मायक्रोसॉफ्टने त्याला थाराच दिलेला नाही. नक्कल उतरेल, निळी स्क्रीन येईल आणि मुलगा ‘ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) शोधून आणतो’ म्हणून घरी जाईल. शिवाय डेस्कटॉपबरोबर कंपनीने घालून दिलेलं विंडोज असेल, तर त्याचा परवाना त्याच मशीनला बांधलेला असतो. आणि घरगुती ग्राहकांसाठी विंडोज 7चे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020लाच बंद झाले. त्यावरून अण्णा बँकेचं खातं उघडत असतील तर आजपासून थांबवा.

तेव्हा विंडोज जाऊ द्या. पण ‘तस्संच’ म्हणजे नक्की काय, ते त्यांच्या शेजारी बसून कागदावर उतरवून घ्या. या यादीत मला विंडोज कधी सापडलेलं नाही. सापडतं ते असं : डाव्या कोपऱ्यातलं ‘आठवणी’ नावाचं फोल्डर, मोठी अक्षरं, बोटांना सवय झालेलं टायपिंग आणि दुपारी खेळायचे पत्ते.

आता काम. मशीन मधेच बंद पडतं ते बहुधा तापून. वायर काढा, झाकण उघडा, प्रोसेसरवरच्या पंख्यातली धूळ मऊ ब्रशने झाडा. एवढ्यावर ते पुष्कळदा चार दिवस धड चालतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. सुरू झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवून डिस्कची तब्येत बघा. पिवळा किंवा लाल रंग दिसला तर तिथेच थांबा. मरायला टेकलेल्या डिस्कवरून एकेक फोल्डर ओढत बसलात तर ती मधेच जाते. अशा वेळी जाणत्या माणसाकडून आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलीत साठवलेली नक्कल, काढून घ्यायची आणि पुढचं काम त्या इमेजवरून करायचं.

डिस्क ठीक असेल तर जुनं मशीन चालू असतानाच दोन गोष्टी उरका. एक, ब्राउझरमधले पासवर्ड एक्स्पोर्ट करून घ्या. क्रोमचं नुसतं फोल्डर उचलून नेलं तर पासवर्ड येत नाहीत, कारण ते जुन्या विंडोजच्या खात्याच्या कुलपात असतात. एक्स्पोर्टची फाइल मात्र उघडी असते. काम झालं की पुसून टाका. दोन, अण्णांच्या प्रत्येक लेखाची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच राहतो, त्यामुळे उद्या काहीही झालं तरी मजकूर अण्णांनी लिहिला तसाच दिसेल.

मग डिस्क बाहेर काढा. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क लॅपटॉपच्या पोटात मावत नाही, आणि तिला 12 व्होल्ट लागतात, म्हणून नुसत्या यूएसबी केबलवर फिरतही नाही. साटा-टू-यूएसबी अडॅप्टर घ्या, पण स्वतःचा वीजपुरवठा असलेला. आपल्या सिल्व्हर मॉलमध्ये मिळेल. डिस्क लॅपटॉपला जोडली की अण्णांचं फोल्डर ‘परवानगी नाही’ म्हणेल. ‘कंटिन्यू’ दाबा आणि चहा घेऊन या. सगळं कॉपी करायचं, कट नाही. डॉक्युमेंट्सवर विसंबू नका. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डी ड्राइव्ह आणि थेट सी ड्राइव्हवर पडलेली ‘न्यू फोल्डर’ची पिलावळ, सगळीकडे बघा. ईमेल आउटलुकमध्ये असेल तर पीएसटी फाइल शोधा, मेल तिच्यात साठवलेले असतात. ती ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात दडलेली असू शकते.

आता कृतिदेव. पहिल्यांदा फाइल उघडाल तेव्हा इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. घाबरू नका, फाइल शाबूत आहे. कृतिदेवमध्ये संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. जुन्या डिस्कवरच्या विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरातून कृतिदेवच्या फाइली आणून इथे इन्स्टॉल करा, मजकूर जागच्या जागी मराठी होईल. अण्णांना टायपिंगही पूर्वीसारखंच करता येईल, वेगळा प्रोग्रॅम लागत नाही.

पण खरी गोम पुढे आहे, आणि ती कुणी सांगत नाही. नव्या वर्डला हा मजकूर इंग्रजीच वाटतो, म्हणून तो वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो. कृतिदेवमध्ये छोटा ‘डी’ म्हणजे ‘क’ आणि मोठा ‘डी’ म्हणजे अर्धा ‘क्’. अण्णा ‘काल’ लिहायला जातील आणि पहिलंच अक्षर मोडेल. तसंच सरळ अवतरणचिन्हाच्या कळीवर अर्धा ‘श्’ असतो; वर्ड त्या चिन्हाला बाक देतो आणि ‘शाळा’ बिघडते. जुन्या मशीनवर हे कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेलं असणार, पण ती सेटिंग फाइलींबरोबर येत नाही. ऑटोकरेक्टमध्ये जाऊन कॅपिटल आणि स्मार्ट कोट्स दोन्ही बंद करा. नाहीतर अण्णा म्हणतील, नवा लॅपटॉप मराठी विसरला, आणि त्यांचं काही चूक नसेल.

युनिकोडचं, म्हणजे मोबाइल-इंटरनेटवर चालणाऱ्या आजच्या मराठी टायपिंगचं काय? अण्णांना शिकवत बसू नका, असं मी स्पष्ट सांगतो. बोटांना बसलेली ठेवण 84व्या वर्षी मोडायचं कारण नाही. युनिकोड तुमच्यासाठी आणि नातवंडांसाठी हवं, मोबाइलवर वाचायला आणि शोधायला. कन्व्हर्टरने वेगळी प्रत करा आणि पीडीएफशी ताडून बघा. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये नंतर, रफाराचं उलट. कन्व्हर्टर चुकतात ते या फिरवाफिरवीत. बरेचसे कन्व्हर्टर हिंदीसाठी केलेले, तेव्हा ‘ळ’ आणि ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ मुद्दाम तपासा.

पत्त्यांबद्दल वाईट बातमी. विंडोज 7चा सॉलिटेअर गेला, त्याच्या जागी आलेल्यात जाहिराती आहेत. जाहिराती नसलेले मोफत पत्ते मिळतात. त्यातला एक घालून ठेवा, तोही अण्णांनी लॅपटॉप हातात घेण्याआधी.

लॅपटॉप सुरू करताना मायक्रोसॉफ्टचा वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि फोटो आपणहून इंटरनेटवर चढवायला लागतो. मोफत जागा 5 जीबी, म्हणजे झांक्यांचे स्कॅन ती चटकन भरून टाकतील. बंद करा. नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा आपणहून एन्क्रिप्टही होते, म्हणजे कुलूपबंद. त्या कुलपाची, बिटलॉकरची, रिकव्हरी की घरच्या फोन नंबरांच्या वहीत लिहून ठेवा. मिल 1991मध्ये बंद पडली. ते झांक्यांचे फोटो पुन्हा मिळायचे नाहीत. म्हणून बाहेरच्या डिस्कवर दोन प्रती करा, एक इंदूरला, एक पुण्याला. जुनी डिस्क वर्षभर तरी पुसू नका.

प्रश्न : मुलाच्या डेस्कटॉपमध्ये विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे. ती डिस्क काढून दुसऱ्या डेस्कटॉपला लावली तर चालेल का? — एक वडील, देवास

उत्तर : बहुतेक वेळा चालते. लिनक्सचे बरेचसे ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच, येतात आणि सुरू होताना समोरचं मशीन बघून निवडले जातात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा वेगळा ड्रायव्हर घातला असेल तर आधी काढा. जुन्या मशीनवर लेगसी बूट (सुरू होण्याची जुनी पद्धत) असेल तर नव्या ठिकाणीही तेच लागेल. पहिल्यांदा बूट मेनूमधून डिस्क हाताने निवडावी लागली तर काही बिघडलेलं नाही. यूईएफआयची (सुरू होण्याच्या नव्या पद्धतीची) नोंद जुन्या मदरबोर्डवरच राहिलेली असते.