ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलूनही पी ०१३५ हा कोड पुन्हा का येतो?

आपल्या २०११ सालच्या पेट्रोल गाडीत पी ०१३५ हा कोड वारंवार येतो, सेन्सर दोनदा बदलून झाला आहे आणि आता गॅरेजमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बदलायला सांगत आहेत, असे आपण लिहिले आहे. ईसीयूला हात लावण्यापूर्वी सेन्सरपर्यंत येणारे वायरिंग तपासून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या जुन्या गाडीत हाच कोड सात महिने येत-जात होता आणि दोष अखेर कपलरमधल्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमधल्या, एका पिनेत सापडला.

हा कोड सेन्सर खराब झाल्याचे सांगत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) आधी बसवलेल्या सेन्सरच्या हीटरचे सर्किट ठीक नाही, एवढेच तो सांगतो. झिरकोनिया या सिरॅमिकचा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनचे भरवशाचे माप देत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. त्या हीटरला फ्यूजमधून बॅटरीचा पुरवठा मिळतो आणि बहुतेक गाड्यांत अर्थची (ऋण) बाजू ईसीयू जोडतो व तोडतो. या वाटेवर फ्यूज, रिले, वायर किंवा कपलर यांपैकी काहीही बिघडले तरी कोड तोच येतो, आणि नवा सेन्सर बसवल्याने त्यात काडीचाही फरक पडत नाही.

कपलर सोडवून सेन्सरच्या बाजूने हीटरचा रोध मोजावा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी सहसा हीटरच्या असतात, आणि थंड असताना त्यांच्यातील रोध साधारणपणे काही ओहमपासून पंधरा ओहमच्या आसपास भरतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. तो बरोबर असेल तर सेन्सरचा पिच्छा सोडावा.

यानंतरच्या पायरीवर मी स्वतः फसलो होतो. गाडीच्या बाजूच्या कपलरवर मल्टिमीटर लावला तर १२.३ व्होल्ट दिसत होते, म्हणून पुरवठा ठीक आहे असे मी आणि मेकॅनिक दोघांनीही मानले. परंतु मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे तांब्याचा एकच तंतू शिल्लक राहिलेली वायरसुद्धा त्याला धडधाकट दिसते. एका ऑटो इलेक्ट्रिशियनने त्याच पिनेवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून त्याची दुसरी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली, तेव्हा तो बल्ब निखाऱ्यासारखा लालसर, मंद पेटला. पिनेमागचे रबरी सील चिरले होते आणि आत हिरवी बुरशी धरावी तसा गंज साचला होता. पिन बदलून क्रिंप केल्यावर (वायरीवर दाबून घट्ट बसवल्यावर) तोच बल्ब लख्ख पेटला.

अशा वेळी दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तंतूंमधल्या फटींतून आत घेतात, म्हणून सेन्सरच्या बाजूच्या वायरी सोल्डर करू नयेत आणि त्या कपलरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे मारू नये. वायरी पिळून टेप गुंडाळून बसवलेला युनिव्हर्सल (स्वतःचा कपलर नसलेला) सेन्सर असेल, तर संशयाची पहिली जागा तो जोडच होय. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या उष्णतेने वायरीचे आवरण कुठे वितळले आहे का, हेही हात फिरवून पाहावे, अर्थात इंजिन पूर्ण थंड असताना.

पुढे कधी पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त असल्याचा कोड आला, तर तपासाची दिशा वेगळी असेल. सेन्सरच्या आधी गॅस्केट गळत असेल तर एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर ती खरी मानतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. अशा गळतीपाशी काजळीचा काळा पट्टा उमटलेला दिसतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे ई२० पेट्रोलवरही जुन्या गाडीचा फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती) काहीसा वर सरकतो. आधीच एखादा व्हॅक्यूम पाइप चिरलेला असेल, तर मर्यादा ओलांडायला तेवढे पुरते.

कोड पुसण्यापूर्वी स्कॅनरवरील फ्रीज फ्रेमचे (कोड आला त्या क्षणी नोंदलेले) आकडे, विशेषतः इंजिनचे तापमान आणि आरपीएम, लिहून ठेवावेत, कारण कोडबरोबर तेही पुसले जातात. दुरुस्तीनंतर डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा विझला म्हणून लगेच पैसे चुकते करू नयेत. बहुतेक गाड्यांत ईसीयूला हा दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळला तरच दिवा लागतो, त्यामुळे रात्रभर थंड झालेली गाडी तीन-चार सकाळी सुरू करून चालवावी आणि प्रत्येक वेळी स्कॅनरवर प्रलंबित कोड (एकदाच आढळलेल्या, अजून दिवा न लागलेल्या दोषांचे) तपासावेत. फ्यूज ठीक आहे, हीटरचा रोध बरोबर आहे, बल्ब लख्ख पेटतो आहे आणि ईसीयूपर्यंतची अर्थची वायरही अखंड आहे, एवढे सिद्ध झाल्यावरही कोड आला, तरच ईसीयू तपासायला द्यावा.