आधी गावात लावा, मग हॉलमध्ये

नमस्कार सर. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. परभणीकडच्या शाळेत कलाशिक्षक, सहा वर्षांत काढलेली ऊसतोड कुटुंबांची 31 चित्रं, बहुतेक तैलरंगातली, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संभाजीनगरला पहिलं एकल प्रदर्शन. चित्रं किती लावू, किंमत काय ठेवू, आधी मुंबई गाठायला हवी होती का, आणि ‘माणसं काढणं आता जुनं झालं’ म्हणणाऱ्या मित्रांचं काय करू, असं विचारलंय. मी अंबाजोगाईचा. तीन एकल प्रदर्शनं केली, त्यातलं पहिलं बऱ्यापैकी फसलं. तेव्हा यशाचं गुपित वगैरे माझ्याकडे नाही, कुठं ठेच लागते ते मात्र माहीत आहे.

तुम्ही न विचारलेलं आधी बोलतो. डिसेंबरात तुमच्या चित्रांतली माणसं कुठं असतील? दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात, दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं आणि कुलपं. म्हणजे हॉलमध्ये शहरातले पाहुणे फिरणार आणि ज्यांचे चेहरे भिंतीवर आहेत ते साताऱ्या-कोल्हापूरकडं फडात. तारीख बदलता येणार नसेल तर बदलू नका. पण टोळ्या निघायच्या आत एक रविवार काढा, दहा-बारा चित्रं टेम्पोत घाला आणि गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नुसती भिंतीला टेकवून ठेवा. फीत नको, प्रमुख पाहुणे नकोत. चहा ठेवा.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाही, चित्राच्या फायद्याचं सांगतोय. माझ्या पहिल्या प्रदर्शनात ऊस तोडणाऱ्या बाईचं चार फुटी चित्र होतं. वर्तमानपत्रात त्याचाच फोटो आला, मी खूश. पुढं वर्षभरानं ते धारूरकडच्या एका वस्तीवर नेलं, तर एक मावशी बराच वेळ बघून म्हणाल्या, “हिला तोडायचं ठावं नाही. ऊस बुडातून तोडावा लागतो, इतक्या वरून तोडला तर मुकादम वरडतो.” बरोबर होतं. साखर बुडख्यात जास्त, म्हणून वार जमिनीलगत घालायचा असतो. माझी बाई मात्र कमरेत जराशी वाकून शोभेचा कोयता फिरवत होती. फोटोवरून काढली होती, आणि फोटो काढताना ती माझ्यासाठी उभी राहिली होती! पाठीचा बाक, गुडघ्याची घडी, डाव्या हातात धरलेला ऊस, सगळं पुन्हा काढावं लागलं. चित्र सुधारलं, पण वर्तमानपत्रात छापून आलेलं तसंच राहिलं.

म्हणून तुमच्या चित्रांतले हात आधी त्यांना दाखवा. मोळी वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, कशी बांधतात, डोक्यावर घेताना मान कुठं जाते, पोर झोळीत असलं की आईचं लक्ष कुठं असतं, हे समीक्षकाला कळणार नाही. त्यांना एका नजरेत कळतं. शिवाय चेहरा ओळखू येत असेल तर लावायला आणि विकायला त्यांची हरकत नाही ना, हेही तिथंच विचारून होईल. एखादी बाई नको म्हणाली तर ते चित्र घरी ठेवायचं. यावर माझ्याशी वाद घालू नका.

आता संख्या. 31 चित्रं लावायची नाहीत. हॉलची भिंत टेपनं मोजा, दारं-खिडक्या वजा करा. समजा 70 फूट भिंत मिळाली, चित्रं सरासरी तीन फूट रुंद, मध्ये दोन फूट मोकळी जागा, तर 14 बसतात. मी 14च लावीन. माणसांच्या चित्रांना निसर्गचित्रांपेक्षा जास्त मोकळी भिंत लागते, कारण त्यांच्या नजरा असतात. शेजारच्या दोन चित्रांतली माणसं नकळत एकमेकांकडं बघायला लागली की प्रेक्षकाला तिसरीच गोष्ट दिसते. माझ्याकडं एक म्हातारा आणि शेजारच्या चित्रातली शेळी चार दिवस एकमेकांकडं बघत होते, लोक हसत होते आणि मला कारण कळायला तिसरा दिवस उजाडला. घरीच अंगणात चित्रं मांडून, जागा बदलून बघा. कुठलं वगळायचं ते ठरत नसेल तर एकदा अजिंठ्याला जाऊन या, सोमवार सोडून. 1 नंबरच्या लेणीत बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्राभोवती केवढी गर्दी आहे, तरी डोळा त्याच्यावरच ठरतो, कारण तो आकारानं मोठा आहे, त्याची नजर खाली आहे आणि बाकीचे आपापल्या जागी लहान आहेत. तुमच्या भिंतीवरही एक चित्र तसं मोठं असू द्या, दारातून आत आल्यावर समोर. बाकीची त्याला धरून लावा.

उंचीचा साधा हिशेब: चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर. चित्र 36 इंच उंच असेल आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून तीन इंच खाली येत असेल, तर 58 अधिक 18 वजा 3, म्हणजे खिळा 73 इंचांवर. हे कागदावर आधी लिहून न्या, नाहीतर उद्घाटनाच्या आदल्या रात्री स्टुलावर उभं राहून भांडणं होतात.

तीन चित्रं अजून ओली आहेत म्हणालात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर ब्रश लावू नका. अंबर आणि गेरूसारखे मातीचे रंग लवकर वाळतात. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिनचा गडद लाल रेंगाळतात, आणि तुमच्या लुगड्यांच्या सावल्यांत नेमके तेच असणार. हाताला कोरडं लागलं म्हणजे आतून वाळलं असं नाही. शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभर थांबून द्यायचं असतं, घाईत दिलं तर ओला रंग खाली अडकतो. रंग बसून मलूल दिसत असेल तर तेवढ्यापुरतं रिटच व्हार्निशचा पातळ हात चालतो. आणि हॉलमध्ये ट्यूबलाइट असेल तर चमक अंगावर येते, दिवे कुठल्या कोनात आहेत ते संध्याकाळी जाऊन बघा.

टेम्पोत चित्रं उभी ठेवायची, आडवी रचायची नाहीत. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. माझ्या एका चित्रातल्या पोराच्या गालावर अजून गोल गोल ठसे आहेत, पाहुणे त्याला देवीचे व्रण समजले.

किंमतीबद्दल थोडक्यात. आकारावरून दर ठरवा आणि सगळ्यांना तोच लावा. आवडत्या चित्राची किंमत मुद्दाम वाढवून त्याला विकण्यापासून वाचवायचा खेळ सगळे करतात, लोकांना तो कळतो. द्यायचं नसेल तर सरळ ‘विक्रीसाठी नाही’ लिहा, एखाद-दुसऱ्यालाच. अनोळखी मजुराचं चित्र दिवाणखान्यात लावायला आपल्याकडं लोक कचरतात, गणपती विचारतील. त्यामुळे फ्रेम आणि टेम्पोचा खर्च विक्रीतून निघेल असं धरून चालू नका. लहान रेखाटनांची एक फाइल टेबलावर ठेवा, ती जातात.

मुंबईचं म्हणाल तर जहांगीर आर्ट गॅलरीचा अर्ज जरूर भरा, तिथं वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि तोवर तुमचं काम पुढं गेलेलं असेल. इथलं प्रदर्शन म्हणजे त्याची रंगीत तालीम समजू नका एवढंच. आणि माणसं काढणं जुनं झालं हे 1981च्या आधीही म्हणत होते. त्या वर्षी भूपेन खक्कर, सुधीर पटवर्धन, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी आणि गुलाममोहम्मद शेख या चित्रकारांनी मुंबईत आणि दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ नावाचं प्रदर्शनच केलं. खक्कर हिशेबतपासनीस, पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ. शाळेची नोकरी करून रंगवतो याची लाज तुम्ही प्रश्नात तीन वेळा व्यक्त केलीय, ती काढून टाका. प्रदर्शनात लावायच्या निवेदनातून तर नक्कीच काढा. तिथं दीडशे शब्दांत एवढंच लिहा की ही माणसं कोण, तुम्ही त्यांच्यात कसे गेलात आणि किती वर्षं जाताय. ‘वेदनेचा हुंकार’ वगैरे कुणा मित्रानं लिहून दिलं असेल तर त्याला चहा पाजा आणि कागद ठेवून घ्या.

बाकी सगळं होईल. हॉलवाले भिंतीत खिळे ठोकू देतात का, की वरच्या पट्टीवरून दोरीनं टांगावी लागतात, हे मात्र उद्याच फोन करून विचारा. मला ते चित्रं पोहोचल्यावर कळलं होतं, आणि रविवारी शहागंजात सुतळी शोधत हिंडलो होतो.