सासूबाईंना आता बसू द्या

वसईहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "त्रैक्याच्या, म्हणजे एकाच देवातल्या तिघांच्या सणाच्या रविवारी फादरांनी प्रवचनात सांगितलं की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यातली प्रीती आपल्या घरात दिसली पाहिजे. तेव्हापासून मन लागत नाही. विहिरीच्या पंपावरून भांडण झालं आणि थोरल्या जाऊबाईंनी सहा वर्षांपासून बोलणं टाकलं. मी त्यांना केव्हाच माफ केलंय, रोज रोझरीत, जपमाळ ओढताना, त्यांच्यासाठी प्रार्थना करते. पुढच्या महिन्यात लेकीचा साखरपुडा. बोलावणं पाठवलं, पण उत्तर नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. दोन्ही घरांचे निरोप त्याच नेतात-आणतात, म्हणून तसं काही अडत नाही. पण अशा माणसांबरोबर त्रैक्य जगायचं तरी कसं?"

प्रिय भगिनी,

जाऊबाईंवर तुम्ही पानभर लिहिलंत, सासूबाईंवर दोन ओळी. मी त्या दोन ओळींपाशीच अडले. "तसं काही अडत नाही" म्हणता. कुणाचं अडत नाही? तुमचं नाही, जाऊबाईंचंही नाही. एक म्हातारी बाई जूनच्या पावसात निसरडं अंगण ओलांडून "पंप सकाळी आम्ही लावणार" एवढं सांगायला जाते. तिकडचा फणकारा ऐकते. परत येताना त्यातलं निम्मं गिळते आणि तुम्हाला सोसेल तेवढंच सांगते. दोन घरांचा राग आधी तिच्या अंगावर पडतो, मग तुमच्यापर्यंत येतो. तुमच्या रोझरीत तिच्यासाठी काही मागितल्याचं मला पत्रात दिसलं नाही.

त्रैक्य कसं जगायचं, असं विचारता ना? मग चौथ्या शतकातला एक वाद ऐका, कारण तो थेट तुमच्या अंगणातला आहे. पुत्र, म्हणजे येशू, देव आहे हे ३२५ साली निकेयाच्या धर्मसभेने ठामपणे सांगितलं. तरी पुढे काही जण म्हणू लागले की पवित्र आत्मा मात्र त्या बरोबरीचा नाही, तो सेवक आहे, वरच्यांचं काम करणारा. कैसरियाचे बिशप संत बेसिल या मताविरुद्ध तळमळून लिहीत राहिले. ते ३७९ साली वारले. दोनच वर्षांनी, ३८१ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने पवित्र आत्म्याला पित्याबरोबर आणि पुत्राबरोबर एकच आराधना, एकच गौरव दिला. चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेत मतांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणताना आपण अजूनही तेच कबूल करतो. तिघांत कुणी चाकर नाही. दोघांचं भागावं म्हणून तिसऱ्याला राबवायचं, हे तिथे नाहीच.

तुम्ही म्हणाल, पण पवित्र आत्मा पाठवलेलाच आहे की! हो, पाठवलेला आहे. पण पाठवणारे घरी बसून राहत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, येशू आधी आत्म्याचं वचन देतो आणि लगेच म्हणतो की माझ्यावर प्रीती करणाऱ्याकडे पिता आणि मी, आम्ही स्वतः येऊन राहू. तुम्ही सासूबाईंना पाठवता आणि आपलं दार लावून घेता. तुमच्या माफीचं म्हणूनच मला कौतुक वाटत नाही. जाऊबाईंना ती कळलेलीच नाही. त्यांना कळलंय ते एवढंच, की पुतणीच्या साखरपुड्याचं बोलावणंसुद्धा थकलेल्या सासूच्या हाती आलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही उत्तर दिलं नसतं.

पंपाचा न्याय कुणाच्या बाजूने, हे मला ठरवायचं नाही. चूक जाऊबाईंची असेलही. पण येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, वेदीपाशी आलेल्या माणसाला सांगतो की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. चूक कुणाची, हे तिथे विचारलेलं नाही. आणि जायचं आहे ते त्या माणसानेच.

तेव्हा आज संध्याकाळी तुम्ही जा. यजमान येत असतील तर बरोबर घ्या, कुरकुर करत असतील तर एकट्या जा. सासूबाईंना पुढे घालू नका. "तुम्हीही चला ना आई" असं तर मुळीच म्हणू नका. पंपाचा विषय काढू नका, माफ केल्याचंही बोलू नका. ते ऐकून माणूस आणखी भडकतो. एवढंच म्हणा, "जाऊबाई, पोरीचा साखरपुडा आहे. तिची मोठी आई म्हणून तुम्ही पुढे उभ्या राहायला हव्यात. बोलावणं आईंच्या हाती पाठवलं, ते माझं चुकलं." त्यांनी तोंड फिरवलं तर फिरवू द्या. उद्या पुन्हा जा.

आणि निघण्याआधी सासूबाईंना सांगून जा, की आजपासून तुम्ही कुणाचाही निरोप न्यायचा नाही, आमचं आम्ही बोलू.