पूरनियोजनाचं प्रशिक्षण : सुरुवात कुठून?

प्रश्न : मी सांगलीत जलसंपदा विभागात कनिष्ठ अभियंता आहे. पूरनियोजनात पुढचं प्रशिक्षण हवंय. काय करू?

उत्तर : खडकवासल्याला केंद्रीय जल आयोगाची राष्ट्रीय जल अकादमी आहे. तिथला अभ्यासक्रम निवडा आणि अर्ज कार्यालयामार्फतच पाठवा. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. नदीच्या पाण्याची पातळी काढणारं हेक-रास (HEC-RAS) हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात आधी कृष्णेचं मॉडेल मांडून पाहा.

इथे हमखास एक चूक होते. मॉडेल सांगलीतल्या आयर्विन पुलाशीच संपवलं, की पातळी प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकते. कारण हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. त्यांना पूर असला की कृष्णेचं पाणी मागे तुंबतं. म्हणून मॉडेलची प्रवाहाच्या खालच्या बाजूची सीमा नृसिंहवाडीच्याही बरीच पुढे न्या. दुसरं म्हणजे, उपग्रहाच्या उंचीनकाशात पाण्याखालचा तळ दिसत नाही. पात्राचे आडवे छेद (काठापासून काठापर्यंतची खोली) मोजूनच घ्या, नाहीतर पात्र उथळ धरलं जाऊन पूर फुगलेला दिसतो.

आणि हिशेब तोंडपाठ हवा : १ लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग २४ तास चालला तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जातं. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसीच्या आसपास आहे, हे शेजारी ठेवून पाहा. सिंचनव्यवस्थापनाकडे ओढा असेल, तर छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) अधिक उपयोगाची.